शून्य दुरुस्त्या

पंतोजींचा शेरा एका ओळीत मावणारा होता. ‘वाचताना दुरुस्त झालेल्या बिटांचा आकडा दरवेळी शून्यच कसा येतो? इतकी गुणी चिप मला आजवर भेटलेली नाही.’ तिने तो वाचला, उठून पाणी प्यायली, परत येऊन पुन्हा वाचला. पहिल्यांदा वाटलं, हा माणूस टोमणा मारतोय. दुसऱ्यांदा वाटलं, याला काहीतरी ठाऊक आहे आणि ते तो मुद्दाम सांगत नाहीये. पंतोजी म्हणजे कर्नलच्या, संगणकाच्या गाभ्यातल्या प्रणालीच्या, मेमरी सांभाळणाऱ्या भागाचा राखणदार. त्याला कुणी पाहिलेलं नव्हतं. कुठल्याशा लांबच्या गावी बसून तो जगभरच्या लोकांचा कोड तपासायचा आणि शाळेतल्या वहीसारखा शेरे मारून परत पाठवायचा, म्हणून ऑफिसात सगळे त्याला पंतोजी म्हणत. तिलाही ऑफिसात एक नाव होतं, शंकासुर. ते तिच्यामागे म्हटलं जायचं आणि तिला माहीत होतं. त्याचं तिला वाईट वाटत नव्हतं. जगात निम्म्या गोष्टी बिघडतात त्या कुणी शंका न घेतल्यामुळे, असं तिचं मत होतं, आणि उरलेल्या निम्म्यांबद्दल तिला शंका होती.

कंपनी लिफ्टच्या नियंत्रणपेट्या करायची. पेटीत एक बोर्ड, बोर्डवर एक फ्लॅश मेमरीची चिप, तिच्यासमोर दारवानासारखा बसलेला कंट्रोलर, आणि त्या कंट्रोलरला कामाला लावणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम. हा ड्रायव्हर फार वर्षांपूर्वी सोनाराने लिहिलेला. सोनार हेही टोपणनावच, बोर्डवर तारांना डाग देण्याचं त्याचं काम फार नाजूक होतं म्हणून पडलेलं. तो निवृत्त झाला तेव्हा ड्रायव्हर तिच्या गळ्यात आला, अथपासून इतिपर्यंत सोनाराच्या डोक्याने चालणारा. आता कर्नलमध्ये सगळ्यांसाठी मिळून एक सामायिक चौकट आली होती. प्रत्येक ड्रायव्हरने आपापली वेगळी चूल मोडायची, फक्त आपल्या कंट्रोलरलाच ठाऊक असलेलं तेवढं सांगायचं, बाकी सगळं चौकट बघणार. गेले कित्येक आठवडे ती सोनाराची चूल मोडत होती. फाईल दिवसेंदिवस बारीक होत होती आणि तिला त्यात एक आसुरी आनंद होत होता, कारण त्या ड्रायव्हरवर तिचा कधीच विश्वास नव्हता. ती राहायची त्या इमारतीच्या लिफ्टमध्ये त्यांचीच पेटी होती. ती जिना चढायची.

आता तिने पंतोजींनी शेरा मारलेली ती जागा उघडली. फ्लॅश मेमरीची एक खोड असते. तिच्यात ठेवलेलं एखादं बिट पडल्यापडल्या उलटतं, शून्याचं एक होतं. कंट्रोलर सोबत ठेवलेल्या गणितावरून ते ओळखतो, सरळ करतो आणि मजकूर वर देतो. पण किती बिटं सरळ करावी लागली हेही ड्रायव्हरने वर कळवायचं असतं. आकडा वाढत चालला की चौकट समजते, हा कप्पा थकला, आणि मजकूर वेळेवर दुसरीकडे हलवते. आकडा कळलाच नाही तर कप्पा आतल्या आत झिजत जातो, आणि एके दिवशी दुरुस्तीच्या पलीकडे जातो. सोनाराच्या फाईलमध्ये मजकूर वाचण्याचं काम नीटनेटकं केलेलं होतं, आणि शेवटी वर काय कळवायचं, तर शून्य. मोजून आलेलं शून्य नव्हे, नुसतं लिहून ठेवलेलं. कंट्रोलर बिचारा दरवेळी खरा आकडा स्वतःजवळ मांडत होता. त्याला कुणी विचारतच नव्हतं.

हे तिच्या नजरेतून इतकी वर्षं सुटलं कसं, याचा तिला राग आला. शून्य तिने रोज पाहिलं होतं. शून्याबद्दल कोण शंका घेतो? सगळं ठीक आहे असं सांगणाऱ्याच्या तोंडाकडे आपण बघतच नाही. पण हे काही खरं नव्हतं, ती बघायची. निदान एका बाबतीत बघायची. बाबा दादाच्या घरी राहायचे, बसने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. दादा जहाजावर इंजिनियर, वर्षातले बहुतेक महिने पाण्यावर, म्हणजे घरात बाबा आणि वहिनी, दोघंच. दोन वर्षांपूर्वी बाबा न्हाणीघरात पाय घसरून पडले होते. हाड मोडलं नाही, पण ती हातातलं काम टाकून गेली आणि वहिनीला तिने समोर बसवलं. फरशी ओली का होती, तू कुठे होतीस, डॉक्टरला फोन कधी केलास, मला कधी केलास, मधला वेळ कुठे गेला. पोलिसांनी विचारावं तसं. वहिनी एकेका प्रश्नाचं उत्तर देत होती आणि हाताने टेबलावरचा न दिसणारा चुरा गोळा करत होती. शेवटी ती वहिनीला म्हणाली होती, हे असंच चालणार असेल तर मी बाबांना माझ्याकडे नेते. वहिनी उठून आत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला. बाबा खुर्चीत बसून होते. तेव्हापासून त्या घरात काही होईनासंच झालं. पडणं नाही, सर्दी नाही, साधं औषध संपलं असंही नाही. रोज संध्याकाळी ती फोन करायची आणि रोज सगळं ठीक असायचं.

तिने ड्रायव्हरमधलं शून्य काढून टाकलं आणि तिथे कंट्रोलरचा खरा आकडा लावला. टेबलावर प्रयोगासाठी एक जुनी पेटी उघडून ठेवलेली होती, कुठल्या तरी इमारतीतून बदलून आलेली. ती सुरू केली आणि पडद्यावर एकाएकी ओळी धावू लागल्या. इथे तीन दुरुस्त, तिथे पाच, पुढच्या कप्प्यात त्याहून जास्त. चौकट घाबरल्यासारखी मजकूर इकडून तिकडे हलवू लागली. कालपर्यंत मुक्यासारखी बसलेली पेटी, आणि आज ही वटवट. तिने पहिली शंका केबलवर घेतली, केबल बदलली. मग वीजपुरवठ्यावर, मग बोर्डवर, मग चौकटीवर, आणि घटकाभर तर पंतोजींवरसुद्धा, की याने आपल्याला खड्ड्यात घालायला हे करायला लावलं. दुसरा बोर्ड लावला, तोही बोलू लागला. शेजारच्या टेबलावरचा चाचणीवाला खुर्ची सरकवून बघायला आला आणि म्हणाला, तुम्ही बिघडवलात हो चांगला चाललेला ड्रायव्हर. तिचं लक्ष पडद्यावर होतं. तिला एक नवीन गोष्ट दिसली होती. जुन्या ड्रायव्हरच्या नोंदी काढून तिने वेळ तपासला, तर थकलेल्या कप्प्यांतून मजकूर यायला किंचित उशीर लागत होता. सोनाराचा ड्रायव्हर गुपचूप पुन्हा पुन्हा वाचून बघत होता आणि जमलं की मग वर देत होता. उत्तर अगदी बरोबर, पण उशिरा. इतकी वर्षं खूण समोर होती.

तिने सोनाराला फोन लावला. आवाज चढवायचा नाही असं ठरवून लावला, तरी पहिल्याच वाक्याला तो चढला. सोनार शांतपणे ऐकत होता. मागे कुठेतरी पत्र्यावर कानस घासल्याचा आवाज येत होता, तोही थांबला नाही. सोनाराने सांगितलं ते असं. पेट्या तेव्हा एका बाहेरच्या कारखान्यात जुळायच्या, आणि तिथे एक तपासनीस होता, मोठा कडक. पडद्यावर एक बिट जरी दुरुस्त झालेलं दिसलं तरी तो बोर्ड बाद करून भंगारात टाकायचा. त्याला कितीदा समजावलं, की बाबा रे, बिटं उलटणारच, ती दुरुस्त होतायत हेच महत्त्वाचं. त्याचं एकच, दोष म्हणजे दोष. चांगले धडधाकट बोर्ड फुकट जायला लागले.

“मग?” ती म्हणाली.

“मग काय, तपासनिसाला बदलणं माझ्या हातात नव्हतं. ड्रायव्हर होता. दुरुस्ती तर चालूच होती ना? नुसतं बोलणं बंद केलं.”

“हे मला सांगायला नको होतं?”

सोनाराने कानस थांबवली. मग म्हणाला, “तुला सांगणार होतो गं. पण तू ज्या नजरेने माझी फाईल बघायचीस, त्या नजरेला कुणी काही सांगत नाही.” हे त्याने अगदी सहज सांगितलं, हवापाण्याबद्दल बोलावं तसं, आणि कानस पुन्हा चालू केली.

संध्याकाळी ती घरी आली, जिना चढली, दार लावलं, ते लागलं की नाही हे ओढून पाहिलं आणि फोन केला. वहिनीने उचलला, हो, देते, म्हणाली, आणि मग नेहमीची खुडबुड झाली. “बाबा, कसे आहात?” ती म्हणाली. मध्ये एक पोकळी गेली. “मी मजेत,” बाबा म्हणाले. ती म्हणाली, खोकला नाही ना? पोकळी. “छे, खोकला कसला.” ही पोकळी आजची नव्हती. केव्हाची होती कोण जाणे, तिला तिची सवय झाली होती, म्हातारपण म्हणून, लाइन वाईट म्हणून. पण लाइन वाईट असली तर तिचं बोलणं कापलं जायला हवं. ते कापलं जात नव्हतं. उत्तर येत होतं, आणि बरोबर येत होतं. तिने रोजचा प्रश्न विचारला, जो ती एक दिवसही चुकवत नसे, “वहिनी तुमच्याकडे नीट बघते ना? खरं सांगा, ती जवळ असेल तर नुसतं हं म्हणा.” या वेळी पोकळी जास्त मोठी होती. मग बाबा हसले आणि म्हणाले, “तिचं अगदी छान चाललंय, काळजी करू नकोस.” फोन ठेवल्यावर ती अंधार पडेपर्यंत तशीच बसली. तिचं छान चाललंय. असं कुणी का म्हणेल? मी तिचं कुठे विचारलं? मी तर तुमचं विचारलं.

त्या रात्री तिच्या मनाने जे जे म्हणून उभं केलं त्याची तिलाच पुढे लाज वाटली. बाबांना झोपेच्या गोळ्या देत असतील. बाबांना झटका येऊन गेला असेल आणि बोलणं पढवून घेतलं असेल. दादाला माहीत असेल, दादा आणि वहिनी मिळून लपवत असतील. दादा सांगेल कसला, त्याला समुद्राचं बरं, तिथे कुणी विचारत नाही. मग तिचं मन विचार करत करत बाबांच्या जुन्या छापखान्यापाशी आलं. बाबा मुद्रितशोधक होते. उभा जन्म दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेला आणि ती सवय त्यांनी घरीही सोडली नाही. लहानपणी ती म्हणायची, बाबा, काल आपण डोंगरावर गेलो होतो ना, की बाबा वर न बघता म्हणायचे, काल नव्हे, परवा, आणि डोंगर नव्हे, टेकडी. चहा गार झाला म्हटलं तर गार नव्हे, कोमट. आई वैतागून म्हणायची, तुमच्याशी बोलायचं म्हणजे आधी मसुदा करून आणावा लागतो. तिला मात्र त्यात फार सुरक्षित वाटायचं. आपण काहीही चुकीचं बोललो तरी समोर एक माणूस आहे, तो ते तसंच पुढे जाऊ देणार नाही. हा संशयी स्वभाव तिला बाबांकडूनच आला असं लोक म्हणत. पण बाबा चूक दिसली की हसायचे. तिला ते हसणं तेवढं आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने ड्रायव्हरची शेवटची परीक्षा घेतली. चौकटीबरोबर त्याची एक युक्ती मिळते. चिपमधल्या चांगल्या मजकुरात आपणच मुद्दाम एखादं बिट उलटं करून ठेवायचं, आणि मग बघायचं, वाचताना ते सापडतं का, आणि सापडलं तर सांगितलं जातं का. तिने एक चूक पेरली. ड्रायव्हर म्हणाला, एक दुरुस्त. दोन पेरल्या. दोन दुरुस्त. काय सोपं होतं हे, तिला वाटलं, आणि तिने बदल पंतोजींकडे पाठवून दिला. मग संध्याकाळी फोनवर, इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर, ती शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाली, “बाबा, आज रस्त्यात तुमची होती तसली सायकल दिसली. तुमची ती निळी सायकल आठवते का?” सायकल काळी होती. तिला निळा रंग द्यावा म्हणून लहानपणी तिने आठवडाभर हट्ट केला होता, आणि काळ्या सायकलला काळाच रंग शोभतो म्हणून बाबांनी तो मोडून काढला होता. घरात वर्षानुवर्षं त्यावर थट्टा चालायची. पोकळी गेली. “आठवते तर,” बाबा म्हणाले. “चांगली होती. अजून चालली असती.” तिने फोन ठेवला. बाबांनी चूक तशीच पुढे जाऊ दिली होती. पलीकडे कोणी का बसलेलं असेना, आपले बाबा नव्हते.

तिने कुणाला काही कळवलं नाही. सकाळची बस धरली. आधीच सांगून गेलं की घर आवरून ठेवलेलं सापडतं, हा तिचा जुना अनुभव. बसमध्ये पुढच्या सीटवरची बाई मांडीवरच्या पोराला सारखी काहीतरी सांगत होती आणि पोरगं खिडकीबाहेर बघत होतं. तिला त्या बाईचा आवाज नकोसा झाला. मध्येच फोनवर पंतोजींचं पत्र आलं, बदल स्वीकारला आहे, आणि खाली एक वाक्य जास्तीचं, पहिल्यांदाच, ‘शून्याची चौकशी केल्याबद्दल आभार.’ एरवी ती खूश झाली असती. आता तिला वाटलं, बघा, चौकशी करणाऱ्याचंच शेवटी खरं ठरतं. उतरली तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. कोपऱ्यावरच्या दुकानासमोर ती उगाच रेंगाळली आणि नेहमीच्या फोनची वेळ होऊ दिली.

घर बैठं होतं, समोर कमरेएवढं फाटक, आणि बैठकीची खिडकी रस्त्याकडे. समोरच्या फुटपाथवर एक बंद पडलेली गाडी उभी होती. आपल्या बापाच्या घराकडे आपण गाडीआडून बघतोय याची तिला शरम वाटली, पण पाय हलले नाहीत. खिडकीतून बाबा दिसत होते. स्वच्छ सदरा, दाढी केलेली, खुर्चीवर ताठ. जिवंत, धडधाकट बाबा. तिच्या छातीतला एक दगड खाली बसला आणि लगेच दुसरा वर आला, म्हणजे मग लपवतायत काय? तिने फोन लावला. वहिनी आतून पदराला हात पुसत आली. फोन उचलला, हो, देते, म्हणाली, पण दिला नाही. फोन तिने स्पीकर लावून टेबलावर ठेवला, खुर्ची ओढून बाबांच्या अगदी समोर बसली, दिवा लावून तो स्वतःच्या तोंडावर वळवला आणि केस कानामागे केले. बाबा पुढे झुकले. “बाबा, कसे आहात?” ती गाडीआडून म्हणाली. खिडकीत वहिनीचे ओठ हलले. आवाज आला नाही. ओठ सावकाश, मोठे मोठे हलले, आणि बाबा त्यांच्याकडे मुद्रित वाचावं तसे डोळे बारीक करून बघत राहिले. “मी मजेत,” तिच्या कानात बाबा म्हणाले.

तिला कळलं. कळायला उशीर लागला नाही, उशिराचाच तर सगळा हिशेब होता. बाबांना ऐकू येत नव्हतं, काहीच येत नव्हतं, आणि वहिनी तिचं बोलणं ओठांवर घेऊन त्यांना देत होती. पण इतक्या वर्षांची सवय कळण्यापाशी थांबणारी नव्हती, ती पुढे गेली. म्हणजे मी बोलते ते बाबांपर्यंत या बाईच्या तोंडून जातं. ही काय सांगते, काय गाळते, कोण बघतंय? निळी सायकल कुठे गेली? तिने मग रोजचा प्रश्न विचारला, शब्दाला शब्द, “वहिनी तुमच्याकडे नीट बघते ना? खरं सांगा.” खिडकीत वहिनी थांबली. क्षणभर तिने खाली बघितलं, पदराने ओठ टिपले आणि वर बघून बोलली. फार थोडं बोलली, इतक्या शब्दांना पुरणार नाही एवढं थोडं. बाबा हसले. “तिचं छान चाललंय,” ते म्हणाले. सापडली, तिच्या मनात आलं. प्रश्नच बदलला. स्वतःवरचा प्रश्न बदलून टाकला. दोन वर्षं शोधत असलेली चूक हाताला लागल्यासारखी ती रस्ता ओलांडून गेली आणि फाटक ढकललं.

वहिनीने दार उघडलं आणि तिचा चेहरा उतरला. “ताई, या की,” ती म्हणाली. “सगळं ठीक आहे.” हे तिच्या तोंडून सवयीने गेलं आणि मग तिलाच कळलं. बाबा उठून उभे राहिले. चिमणे, चिमणे, करत त्यांनी तिचे दोन्ही हात धरले. आवाज अंमळ मोठा, न ऐकणाऱ्याचा. फोनवर तो तिला तब्येतीचा वाटायचा. ती वहिनीला म्हणाली, कधीपासून? वहिनीने उभ्याउभ्याच सांगितलं. एक कान आधीच गेला होता, दुसरा मागच्या थंडीतल्या तापात गेला. दोन डॉक्टर झाले, यंत्र आणलं, यंत्रातून नुसता गोंगाट येतो म्हणून बाबांनी ते काढून ठेवलं. वहिनीच्या ओठांवरचं कळतं, दुसऱ्या कुणाच्या नाही, शेजाऱ्यांच्या नाही, दादाच्याही नाही.

बाबांनी दोघींच्या तोंडाकडे पाहिलं आणि विषय ओळखला. “हिला काही बोलू नकोस,” ते म्हणाले. “मीच म्हटलं, सांगायचं नाही. मागे मी पडलो तर ही आठवडाभर जेवली नाही. कान माझे गेले, जाब हिनं का द्यायचा?”

तिला कारखान्यातला तो तपासनीस आठवला. एकदा मनात आलं, इथेच थांबावं. पण तिच्याने थांबवलं नाही. “आणि मी बोलते ते तसंच्या तसं सांगतेस त्यांना?” ती म्हणाली. “मी निळी सायकल म्हटलं होतं.”

वहिनी गोंधळली. “काळी होती ना हो? फोटोत बघितलीय की मी. मी काळी म्हणून सांगितलं. म्हटलं, ताई दमल्यात, तोंडून चुकून गेलं असेल. उगाच बाबा चूक काढत बसतील.”

ती खुर्चीवर बसली. पुढचा प्रश्न तिच्या ओठांवर तयार होता आणि आता तो विचारायची तिला भीती वाटू लागली. तो विचारावाच लागला नाही. बाबांना वाटलं, लेक रागावून गप्प बसलीय. त्यांनी खुर्ची तिच्याजवळ सरकवली आणि कुणी विचारलं नसताना, त्या मोठ्या, स्वतःला न ऐकू येणाऱ्या आवाजात म्हणाले, “एक मात्र सांगतो चिमणे. बाकी तुझा स्वभाव तू जाण. पण रोज न चुकता विचारतेस, वहिनी कशी आहे, तिची तब्येत बरी आहे ना. एक दिवस चुकवलं नाहीस. मला फार बरं वाटतं. हिलाही वाटत असेल, ही बोलत नाही.”

वहिनी टेबलाशी उभी होती आणि हाताने न दिसणारा चुरा गोळा करत होती. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. तिला स्वतःचे सगळे प्रश्न आठवले, एकामागून एक, रोजचे, औषध देते का, वेळेवर जेवायला देते का, ती जवळ असेल तर नुसतं हं म्हणा. प्रत्येक प्रश्न या बाईने समोर बसून ऐकला होता, दिवा तोंडावर घेऊन. प्रत्येक वेळी तो ओठांवर आणण्याआधी सरळ केला होता, आणि वर काहीच कळवलं नव्हतं. रडू यावं असं तिला फार वाटलं, पण ते आलं नाही. बाहेर फाटक वाऱ्याने आपटत होतं. ती ते लावायला विसरली होती.

“वहिनी,” ती म्हणाली. “वहिनी, तू कशी आहेस? बरी आहेस ना?”

वहिनीने मान वर केली. बाबा सवयीने तिच्या ओठांकडे बघत थांबले. ओठ हलत होते, पण त्यातून शब्द होत नव्हता. बाबांनी वाट पाहिली, मग अधीर होऊन विचारलं, “काय म्हणाली ती? काय विचारलं?”

“रोजचंच,” वहिनी त्यांना म्हणाली, आणि या खेपेला ते तिने मोठ्याने म्हटलं.